स्वयंभू मूळ संख्या

दशमान पद्धतीत कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणारी मूळ संख्या.

३७ + ३ + ७ = ४७, म्हणजे ३७ हा ४७ चा जनक; म्हणून ४७ मूळ असूनही स्वयंभू नाही. ९७ ला मात्र असा जनक नाही. ही कल्पना डहाणूत जन्मलेले, देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांची (पहा : कापरेकर स्थिरांक, डेम्लो संख्या).

मूळपणा अंकपद्धतीवर अवलंबून नसतो, स्वयंभूपणा असतो. २००४ मध्ये सापडलेली, ७२,३५,७३३ अंकी मर्सेन मूळ संख्या २^२४०३६५८३ − १ स्वयंभू असल्याचे ल्यूक पेबडी यांनी २००६ मध्ये दाखवले. अंकांची बेरीज अंकसंख्येच्या नऊपटीहून जास्त नसते. त्यामुळे एवढ्या प्रचंड संख्येचा जनकही खालच्या सुमारे ६.५ कोटी संख्यांतच शोधावा लागतो (पहा : मर्सेन संख्या).