महाभारताची मालकी आणि 'आणि इतर'

मंडळी, भिवंडीत मालकीचा प्रश्न काढायचा तर मागावरूनच सुरुवात करावी. व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर विणून देतो, आणि कापड कोणाचं याबद्दल इथे कुणाला शंका नसते. सूत ज्याचं, कापड त्याचं. पण सूत कोणाचंच नसेल तर? म्हणजे सूत महाभारताचं असेल तर?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. आधी उत्गीकर, मग 1925 पासून वि. स. सुखठणकर. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाख रुपये देऊ केले होते. देशभरातून पोथ्या जमवल्या. शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पाठ ताडून पाहण्याची केंद्रं होती. एका पोथीतला श्लोक दुसरीत आहे का, शब्द तोच आहे का, हे तक्त्यांवर वर्षानुवर्षं उतरवत बसलेली माणसं डोळ्यांपुढे आणा. सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एजर्टन यांनी संपादिलं, उद्योगपर्व बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी. काम पुरं झालं 1966 साली. आजच्या भाषेत बोलायचं तर बहुसंस्थात्मक सहयोगी संशोधन! तेही पोस्टाच्या भरवशावर.

आता मेख बघा. या आवृत्तीतला पाठ जसाच्या तसा कुठल्याही एका पोथीत नाही. तो निवडून सिद्ध केलेला आहे. व्यासांवर कुणाचा हक्क नाही हे खरं, पण ही निवड विद्वानांची आहे. निवडीवर हक्क लागतो का? सर्वोच्च न्यायालयापुढे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक हा खटला आला, तो न्यायालयांच्या निकालपत्रांच्या संपादनाबद्दल. डिसेंबर 2007 मध्ये न्यायालय म्हणालं, नुसते कष्ट पुरत नाहीत, थोडी तरी सर्जकता हवी. मूळ निकाल सर्वांचा. पण परिच्छेद पाडणं, त्यांना क्रमांक देणं, यात संपादकाची बुद्धी लागते, म्हणून तेवढ्यावर हक्क. परिच्छेद पाडण्यात बुद्धी लागते, तर पाठनिश्चितीत नाही का? आम्हाला विचाराल तर नक्कीच लागते.

आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. संपादकाला कर्ता मानलं तर मोठी गंमत होते. सुखठणकर 1943 मध्ये गेले, म्हणून आदिपर्व 2003 अखेर मोकळं. एजर्टन 1963 मध्ये गेले, सभापर्व 2023 अखेर. रा. ना. दांडेकर 2001 पर्यंत होते, तेव्हा शल्यपर्वाला 2061 उजाडेल. ग्रंथ एक, आणि पर्वागणिक वेगळं घड्याळ!

मग संगणक आला. क्योटोचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी हा सगळा पाठ रोमन लिपीत टंकून घेतला. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. जगभर वापरात असलेल्या त्या प्रतीच्या माथ्यावर लिहिलेलं आहे, त्याचा आशय असा: हक्क भांडारकर संस्थेचा, 1999, आधार तोकुनागा आणि इतर यांनी भरलेला पाठ, सुधारणा स्मिथ आणि इतर यांची. आम्हाला हे चांगलंच वाटलं. नफ्यासाठी नसेल तर अभ्यासकाने घ्यावं, आणि कोणी काय केलं तेही सांगून ठेवावं. बऱ्याच विद्यापीठांच्या पेटंट-धोरणात इतका सरळपणा सापडत नाही. तिथे वाटा कोणाला किती याचे टक्के असतात, आणि नाव कोणाचं यावर एखादं वाक्य.

पण ते 'आणि इतर' आम्हाला टोचतं. दोनदा आलंय. ती माणसं कोण, हे ती ओळ सांगत नाही.

टोचण्याचं कारण घरचं आहे. निवृत्तीच्या सुमारास एका प्रकल्पाचा अहवाल आम्ही ऑनलाइन सामायिक फाइलवर लिहिला. लिहिणारे चौघे, छापताना नावं दोन, त्यात एक आमचं. उरलेले दोघे विद्यार्थी होते. कोणत्या दिवशी कोणी कुठला परिच्छेद लिहिला, हे त्या फाइलच्या इतिहासात तारीखवार होतं, नुसतं उघडून बघायचं होतं. आम्ही बघितलं नाही. पुढे त्यातल्या एकीची गाठ पडली, तेव्हा ती म्हणाली, "सर, तिसरं प्रकरण माझं होतं." आम्ही हो म्हणालो. अहवालाच्या प्रतीवर आजही दोनच नावं आहेत.