लेट्यूस रॅप घरी करताना: पानं धुण्यापासून मधुमेहाच्या गोळीपर्यंत

"डॉक्टर, रात्री पोळीऐवजी लेट्यूसच्या पानात भाजी गुंडाळून खाल्ली तर चालेल का?" वजन कमी करायला आलेले रुग्ण हल्ली हे विचारतात. चालेल. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा: हे पान कच्चं खायचं असतं, आणि त्यात पोट भरण्यासारखं फारसं काही नसतं. 100 ग्रॅम लेट्यूसमध्ये साधारण 95 ग्रॅम पाणीच असतं, कॅलरी 15च्या आसपास आणि प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम.

पानं कशी धुवायची?

गड्ड्याची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका. उरलेलं प्रत्येक पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळून धुवा. देठाजवळच्या खोलगट भागात माती अडकते, तिथे जास्त लक्ष द्या. मग स्वच्छ फडक्याने कोरडी करा. साबण वापरू नका. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवलं की काम झालं, असं समजू नका.

एवढा आग्रह का? टेपवर्मची अंडी माणसाच्या विष्ठेतून शेतात आणि तिथून पानांवर येऊ शकतात. ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन आकडी येऊ शकते. "आम्ही तर शुद्ध शाकाहारी," असं घरचे म्हणतात, पण हा आजार मांस न खाणाऱ्यांनाही होतो. जिवाणूंचा धोका वेगळाच. 2018 मध्ये अमेरिकेत रोमेन लेट्यूसमधून ई. कोलायची साथ पसरली. त्यात 200हून जास्त लोक आजारी पडले आणि 5 जण दगावले.

धुण्याने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून गरोदर स्त्रिया, केमोथेरपी चालू असलेले आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांनी कच्चं पान टाळावं. त्यांच्यासाठी कोबीची पानं उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं शिजवून घ्या. मला तर चवीलाही तीच जास्त आवडतात.

सारण

दोघांसाठी 150 ग्रॅम पनीर किंवा टोफू कुस्करून घ्या. चमचाभर तेलात आलं-लसूण, किसलेलं गाजर, ढोबळी मिरची आणि वाफवलेले अर्धी वाटी मोड आलेले मूग परता, मग पनीर घाला. सोया सॉस एक छोटा चमचाच, आणि वरून मीठ नको. एका मोठ्या चमचा सॉसमध्ये सुमारे सव्वादोन ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं आणि दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅम मिठाची आहे. गॅस बंद करून लिंबू, दाण्याचं कूट आणि कोथिंबीर घाला. सारण कोमट झाल्यावरच पानात भरा, नाहीतर पान मऊ पडतं.

मधुमेह असेल तर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर नेहमीचा डोस घेऊन नुसते रॅप खाऊ नका. डोस दोन पोळ्यांच्या हिशोबाने ठरलेला असतो. पोळ्या गेल्या की रात्री साखर उतरू शकते: घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं. असं झालं तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या आणि 15 मिनिटांनी साखर तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. एक पोळी सोबत ठेवायची की डोस बदलायचा, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका खूपच कमी.

रक्त पातळ करायची वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल ही गोळी चालू असेल, तर हिरव्या पानांतलं व्हिटॅमिन के तिचा परिणाम कमी करतं. आइसबर्गपेक्षा रोमेनमध्ये ते बरंच जास्त असतं. पानं बंद करायची गरज नाही, पण एकदम रोज सुरू करू नका. प्रमाण सारखं ठेवा आणि बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून आयएनआर कधी तपासायचा ते ठरवा.

डब्यात न्यायचं असेल तर पानं आणि सारण वेगवेगळं न्या. पनीरचं सारण फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी.