मागच्या आसनावरचा विसरलेला पट्टा

मालवण : टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मृत्यू झाला. मोटारीत चौघे होते. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागील दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांच्या तपासात आढळले. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या. तरीही ‘मागे बसले की धोका कमी’ हा समज त्या दुपारी खोटा ठरला.

या समजाचे मूळ अपघात कसा घडतो याविषयीच्या अज्ञानात आहे. एका अपघातात प्रत्यक्षात तीन धडका होतात. प्रथम गाडी आदळते, मग गाडीच्याच वेगाने पुढे जाणारा माणूस आतल्या भागावर आदळतो आणि शेवटी मेंदू, यकृत, हृदय हे अवयव शरीराच्या आतच आदळतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने होणारी धडक ही साधारण 10 मीटर उंचीवरून, म्हणजे चांगल्या वाढलेल्या माडाच्या निम्म्या उंचीवरून खाली पडण्यासारखी असते. वेग 80 झाला की ही उंची 25 मीटरवर जाते. गाडीचा पुढचा भाग चेपला जाताना वेग टप्प्याटप्प्याने कमी होतो. पट्टा माणसाला गाडीशी बांधून ठेवतो व तो आघात कंबरेचे हाड, छाती आणि खांदा यांवर वाटून देतो. पट्टा नसलेला मागचा प्रवासी मात्र पुढच्या आसनावर कोसळतो आणि पट्टा लावून बसलेल्या पुढच्या माणसाचाही जीव धोक्यात आणतो.

मांडीवरचे मूल आईच्या हातात सुरक्षित असते, हा आणखी एक भ्रम. वरील 50 च्या वेगात गाडी 60 सेंटिमीटर अंतरात थांबली, तर 10 किलो वजनाचे मूल धरून ठेवण्यासाठी सरासरी 160 किलो वजन पेलण्याइतके बळ लागेल. ते कोणत्याही आईच्या हातात नसते.

सिंधुदुर्गात खारेपाटणपासून पत्रादेवीपर्यंत मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला आणि वेग वाढला. महामार्ग सोडून कसालहून मालवणकडे वळले, की रस्ता अरुंद व वळणावळणाचा होतो. ‘आता जवळच तर जायचे आहे’ म्हणून पट्टा सोडला जातो तो नेमका येथे. झाड किंवा समोरून येणारा डंपर मात्र अंतर विचारत नाही. जिल्ह्यातील गंभीर जखमींना अनेकदा गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागते. मालवणहून तेथपर्यंतचा वेळ पाहता, दुखापत मुळातच कमी होणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये पट्टा न लावलेल्या 16,715 जणांचा देशात मृत्यू झाला. त्यांपैकी 8,384 चालक, तर 8,331 प्रवासी होते. म्हणजे जवळपास निम्मे स्टिअरिंगवर नव्हतेच. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक असल्याचा नियम मिस्त्री यांच्या अपघातापूर्वीपासून आहे. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने त्यासाठी 1 हजार रुपये दंड ठरविला. 14 वर्षांखालील मुलांनाही पट्टा किंवा बालआसन आवश्यक आहे. मात्र पट्ट्याची सूचना देणारा आवाज बंद करण्यासाठी खोटी क्लिप विकत घेणारेही याच देशात आहेत. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिप विक्रीतून हटविण्याचे आदेश दिले.

पट्टा लावण्यातही चूक होते. आडवा भाग पोटावर नव्हे, कंबरेच्या हाडांवर बसायला हवा. गरोदर महिलांनी तो पोटाखालून घ्यावा. तिरका भाग काखेतून नव्हे, खांद्याच्या मध्यावरून यावा. पट्टा सैल वा पिळलेला नसावा. एअरबॅग या पट्ट्याच्या जोडीने काम करतात, त्याच्याऐवजी नाही.

गणेशोत्सवात मुंबईहून निघालेल्या पाच आसनांच्या गाडीत सात-आठ चाकरमानी कोंबलेले असतात, सामान वेगळेच. तेव्हा मागचे पट्टे आसनाच्या आवरणाखाली दडपलेले राहतात. गाडी निघण्याआधी ते बाहेर काढून एकदा लावून पाहायला पाच मिनिटे पुरतात, आणि तेथेच कळते की पट्टे किती आहेत व माणसे किती.