ज्योती गवते

ज्योती गवते या मराठवाड्यातील परभणी येथील भारतीय धावपटू आहेत. त्या प्रामुख्याने मॅरेथॉन (४२.१९५ कि.मी.) शर्यतीत भाग घेतात.

मुंबई मॅरेथॉन

या शर्यतीत भारतीय महिलांसाठी स्वतंत्र क्रमवारी असते. अखेरच्या टप्प्यातील पेडर रोडचा चढ धावपटूंची कसोटी पाहतो. १५ जानेवारी २०१७ रोजी गवते यांनी २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत भारतीय महिला गटाचे विजेतेपद मिळवले. दुसऱ्या आलेल्या श्यामली सिंग त्यांच्यापेक्षा १७ मिनिटांहून अधिक मागे होत्या.

पुढील तिन्ही वर्षी सुधा सिंग विजेत्या व गवते उपविजेत्या ठरल्या. तथापि, प्रत्येक वेळी गवते यांची वेळ २०१७ मधील विजयी वेळेपेक्षा सरस होती.

वर्षनिहाय वेळ (तास:मिनिटे:सेकंद)

- २०१७ : २:५०:५३ (प्रथम)
- २०१८ : २:५०:४७ (द्वितीय)
- २०१९ : २:४५:४८ (द्वितीय)
- २०२० : २:४९:१४ (द्वितीय)

इतर स्पर्धा

फेब्रुवारी २०२० मध्ये झालेल्या नवी दिल्ली मॅरेथॉनमध्ये गवते यांनी महिला गटात प्रथम क्रमांक पटकावला. त्याच शर्यतीत पुरुष गटात रशपाल सिंग विजेते ठरले.