विभावरी शिरूरकर म्हणजे कोण?

आपण नेटवर टोपणनाव घेतो ते गंमत म्हणून, फार तर ऑफिसात कळू नये म्हणून. १९३३ साली मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाळूताई खरे यांना मात्र त्याची खरीच गरज होती.

बाळूताई कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या. 'अलंकार-मंजूषा' त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं होतं, 'हिंदुव्यवहार धर्मशास्त्र'वरही सहलेखक म्हणून त्यांचं नाव होतं. म्हणजे बाईनं धर्मशास्त्रावर लिहिलेलं चालत होतं! पण ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह छापला, तेव्हा त्यावर नाव आलं विभावरी शिरूरकर.

असं होतं तरी काय त्यात? शिकलेल्या, लग्न न जमलेल्या मुली. हुंडा, रंगरूप, मुलीच्या पगाराची सवय झालेलं घर. आणि या मुलींनाही शरीर आहे, इच्छा आहेत, हे एका बाईनंच सांगितलेलं. झालं, गदारोळ उठला.

आमच्या पेणजवळच्या हमरापूरला घरोघरी गणपती घडतात. मूर्तीचे डोळे कुणी रेखले, हे विकत घेणारा विचारत नाही. इथे नेमकं उलटं झालं. लिहिलंय ते खरं आहे का, हा प्रश्न बाजूला राहिला आणि 'ही बाई कोण' याचाच शोध सुरू झाला.

पण विभावरी गप्प बसल्या नाहीत. पाठोपाठ 'हिंदोळ्यावर' आली. नवऱ्यापासून दुरावलेली अचला दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार मांडू पाहते, ही तिची गोष्ट. मुंबई इलाख्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ साली, म्हणजे कादंबरी कायद्याच्या तेरा-चौदा वर्षं पुढे होती.

१९३८ साली 'रणांगण'कार विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि बाळूताई मालतीबाई बेडेकर झाल्या. मधल्या काळात सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, आणि अशा माणसांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं जाई. तिथे पाहिलेल्या आयुष्यातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी आली. खरं नाव एव्हाना लोकांना ठाऊक झालं होतं, तरी पुस्तकावर विभावरी शिरूरकरच!

मालतीबाई २००१ साली गेल्या. लग्नाच्या साइटवर आजही 'गोरी, नोकरी करणारी' हवी असते. त्यामुळे 'कळ्यांचे निःश्वास' जुनं पुस्तक म्हणून वाचायला घेऊ नका. एखादी मैत्रीण त्यात नक्की भेटेल.