दिनविशेष, ५ जुलै : रोसीचे तीन गोल

५ जुलै १९८२. बार्सिलोनाच्या सारिया स्टेडियमवर विश्वचषकाच्या दुसऱ्या फेरीत इटलीने ब्राझीलला ३-२ असे हरवले. तिन्ही गोल पाओलो रोसीचे. पाचव्या मिनिटाला त्याने हेडरने खाते उघडले. पंचविसाव्या मिनिटाला ब्राझीलच्या बचावफळीतला आडवा पास मध्येच हिसकावून दुसरा गोल ठोकला. सॉक्रेटिस आणि फाल्काव यांनी दोनदा बरोबरी साधली. आगेकूच करायला ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गर्दीत चेंडू रोसीच्या पायाशी आला आणि जाळ्यात गेला. अखेरीस इटलीचा चाळिशीतला गोलरक्षक दिनो झोफ याने ब्राझीलच्या ऑस्करचा हेडर गोलरेषेवरच दाबून धरला.

सामनेनिश्चिती प्रकरणातली दोन वर्षांची बंदी भोगून रोसी नुकताच परतला होता. आरोप त्याने कायम नाकारले. आधीच्या चार सामन्यांत त्याचा एकही गोल नव्हता, चोहोबाजूंनी टीकेची झोड उठली होती. प्रशिक्षक एन्झो बेअरझोत मात्र त्याला वगळायला तयार झाले नाहीत. आकड्यांपलीकडे पाहणारी अशी नजर आजच्या प्रशिक्षकांकडेही हवी. रोसी धिप्पाड नव्हता. चेंडू कुठे पडणार याची चाहूल त्याला इतरांआधी लागायची. पुढे उपांत्य सामन्यात दोन, अंतिम सामन्यात एक गोल करून त्याने इटलीला विश्वविजेते केले. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर पुरस्कारही त्यालाच मिळाला.

डिसेंबर २०२० मध्ये रोसी गेला, तेव्हा विचेन्झात त्याच्या शवपेटीला १९८२च्या सहकाऱ्यांनी खांदा दिला.