तबकडीची मर्यादा आणि गायकाची वाटचाल
ध्वनिमुद्रिकांवरून कलावंताची वाटचाल मोजताना आपण मुद्रिकेचीच मर्यादा विसरतो. १९६८ मध्ये आमच्या हैदराबादेत, बशीरबाग पॅलेसमध्ये, पैगंबरवासी झालेले उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांचेच पाहा. लाखेच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. आलाप आवरता घ्यावा लागे. पुढे एल.पी.ने वीसएक मिनिटे दिली आणि राग सावकाश उलगडू लागला. हा विकास गायकाचा की साधनाचा? केवळ तबकड्यांच्या तुलनेतून याचा निवाडा होणार नाही. अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने शरीर जखडले, तरी पुत्र मुनव्वर अली यांना सोबत घेऊन ते मैफलीत गात राहिले. कलावंताचे वाढणे दोन मुद्रिकांमधल्या अशा वर्षांत शोधावे, असे आम्हांस वाटते.